चाळीतले कागद आणि काळा कोट

चिंचोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडला की एक रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे जातो. पावसाळ्यात इथे धबधब्याला जाणाऱ्यांची झुंबड असते. आता थंडीत ओढा आटत आलेला, आणि रस्त्यावर गोदामांचे ट्रक तेवढे दिसतात. या रस्त्यापासून थोडे आत पत्र्याच्या छपरांची एक चाळ आहे. तिथल्या एका टेम्पोचालक बांधवाचा निरोप आला होता, की घरात वाद चालला आहे, तुम्ही येऊन दोन शब्द बोला. म्हणून आम्ही एका रविवारी असरच्या नमाजनंतर त्यांच्याकडे गेलो.

वाद होता मुलीच्या फॉर्मचा. मुलगी बारावीला, परीक्षा तोंडावर आलेली. तिला कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी द्यायची आहे. ‘मला वकील व्हायचंय, आपल्या लोकांसाठी,’ एवढेच तिचे म्हणणे. घरात तिघांची तीन उत्तरे होती. अब्बा म्हणत होते, ‘पाच वर्षं कोण पोसणार?’ अम्मी म्हणत होती, ‘कोर्ट ही बायकांची जागा आहे का?’ आणि दादीने तर विषयच मिटवला होता. ‘वकील म्हंजे पैसे घेऊन खोटं बोलणारा माणूस. आपल्या घरात तसली कमाई नको.’

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दारात शेजारची एक वारली बाई येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. मुलीने तो घेतला, उंबऱ्यातच बसून वाचला, आणि तिला सांगितले, ‘मावशी, तुमचा वनहक्काचा दावा नामंजूर केलाय, पण यावर 60 दिवसांत अपील करता येतं असं खाली लिहिलंय. तारीख बघून ठेवा.’ बाई कागद परत गुंडाळून निघून गेली. अम्मी म्हणाली, ‘हे रोजचंच आहे. सगळ्या चाळीचे कागद हीच वाचते.’

कुटुंब परभणीकडचे. मुलगी मराठी शाळेत शिकली. चाळीतले निम्मे लोक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, त्यांना मराठी बोलणे थोडेफार जमते, वाचणे जमत नाही. आदिवासी शेजाऱ्यांत अनेकांना अक्षरओळखच नाही. आणि कागद मात्र सगळे मराठीत येतात. महापालिकेची नोटीस, पोलिसांनी घेतलेला जबाब, सातबारा, फेरफार, तहसीलचे पत्र, शाळेचा दाखला. म्हणजे वकिलीची सुरुवात या मुलीने आधीच केली आहे, फक्त घरच्यांच्या ते लक्षात आलेले नाही.

त्या दिवशी आम्ही थोडक्यात बोललो आणि फॉर्मची तारीख जाऊ देऊ नका, असे सांगून निघालो. पण वाटेत आमच्या मनात आले, की हा वाद एका घराचा नाही. आपल्या वाचकांपैकी किती तरी घरांत तो असेल. म्हणून त्या चौघांना जे सांगायचे राहिले ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी दादीचा प्रश्न, कारण तोच सर्वांत मोठा आहे. वकिलीची कमाई हलाल आहे का?

प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषित्व मिळण्यापूर्वीची मक्केतील एक घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. येमेनकडच्या जबीद गावाचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. मक्केच्या एका वजनदार सरदाराने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाला तिथे ना टोळी, ना कोणी साक्षीला. त्याने काबागृहाजवळ उभे राहून दाद मागितली. तेव्हा काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली, की मक्केत कोणावरही अन्याय झाला, मग तो इथला असो वा बाहेरचा, तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. व्यापाऱ्याचे पैसे परत मिळाले. तरुण मुहम्मद (स.) त्या बैठकीत होते. पुढे प्रेषित झाल्यावरही त्यांनी या कराराचा गौरवाने उल्लेख केला आणि आजही कोणी तशा करारासाठी बोलावले तर आपण जाऊ, असे सांगितले. हाच ‘हिल्फुल फुजूल’. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यासाठी उभे राहणे, हे वकिलीचे मूळ काम आहे. त्यात हराम काही नाही.

पण दादीचे म्हणणे पूर्ण चुकीचे आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. प्रेषितांनी (स.) दुसरीकडे एक कडक इशाराही दिला आहे. त्याचा आशय असा, की माझ्यासमोर वाद घेऊन येणाऱ्यांपैकी एखादा बोलण्यात अधिक चतुर असू शकतो. त्याचे ऐकून मी निकाल दिला आणि त्यात दुसऱ्या भावाचा हक्क त्याच्याकडे गेला, तर त्याने समजावे की आपल्या हाती आगीचा तुकडा आला आहे. हा इशारा प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असायला हवा. वाक्चातुर्याने जिंकता येते, पण जिंकलेले सारेच आपले नसते.

मग आरोपीचा बचाव करायचा की नाही? करायचा. आरोप ठेवला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. पुरावा देणे हे सरकारी पक्षाचे काम आहे, आणि तो पुरावा खरा आहे का, कायद्याने गोळा केला आहे का, हे तपासून घेणे हे बचावाच्या वकिलाचे काम आहे. यासाठी खोटे बोलावे लागत नाही. उलट न्यायालयाची दिशाभूल करू नये, असे वकिलांच्या आचारसंहितेतच आहे. जो वकील खोटा साक्षीदार उभा करतो तो वाईट वकील आहे. त्याच्यामुळे वकिली वाईट ठरत नाही, जसे एखाद्या भेसळ करणाऱ्यामुळे दूधविक्री वाईट ठरत नाही.

आता अम्मीची काळजी. कोर्ट ही बायकांची जागा आहे का?

केरळमधील पत्तनमतिट्टा या गावी 1927 साली जन्मलेल्या फातिमा बीवी यांची गोष्ट प्रत्येक आईला माहीत असावी. विज्ञानाची पदवी घेतल्यावर वडिलांनीच त्यांना कायदा शिकायला प्रोत्साहन दिले. 1950 मध्ये त्यांनी सनद घेतली आणि कोल्लमच्या खालच्या न्यायालयात काम सुरू केले. तिथून 1958 मध्ये मुन्सिफ, पुढे एकेक पायरी चढत उच्च न्यायालय, आणि 1989 मध्ये त्या भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. फक्त पहिल्या मुस्लिम महिला नव्हे, सर्व समाजांतून पहिल्या महिला. हे सर्व एका छोट्या गावातल्या, एका बापाच्या पाठिंब्याने सुरू झाले.

शिवाय अम्मीने एवढाच विचार करावा. नवरा मारतो, मेहरचा विषय अडला आहे, दिराने घराबाहेर काढले, अशा गोष्टी घेऊन एखादी बाई कोर्टाच्या आवारात येते तेव्हा ती कोणापाशी मोकळी होईल? कित्येक जणी निम्मी हकीकत गिळून टाकतात, कारण समोर अनोळखी पुरुष बसलेला असतो. निम्म्या हकीकतीवर अर्ज लिहिला की निम्माच न्याय मिळतो. म्हणून कोर्ट ही बायकांची जागा आहे का, याऐवजी कोर्टात आपल्या बायकांचे ऐकणारी बाई का नाही, हा प्रश्न विचारायला हवा.

अब्बांचा प्रश्न पैशांचा आणि वर्षांचा. त्याचे उत्तर हिशोबानेच द्यावे लागेल.

महाराष्ट्रात वकिलीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षे. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला खुल्या गटात 45 टक्के गुण लागतात. विज्ञानच हवे असे नाही, कला किंवा वाणिज्य शाखाही चालते. प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत मराठीतही असते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे मराठी शाळेतली मुले घाबरून मागे राहावीत असे यात काही नाही.

खर्चाचे म्हणाल तर खासगी महाविद्यालयांचे शुल्क वेगवेगळे आहे, शासकीय आणि अनुदानित ठिकाणी ते बरेच कमी असते. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासूनचे आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचेही विधी महाविद्यालय आहे, त्याला बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे नाव दिले आहे. आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातील ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला आहे. आपल्यातील मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा कित्येक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे कागद आधी तयार हवेत. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळत नाहीत. आताच तहसीलला अर्ज करा आणि कोणत्या महाविद्यालयात कोणती सवलत लागू आहे, हे तिथे जाऊन विचारा.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी पूर्वी हजारोंच्या घरात जात असे. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, तिचे शुल्क वेगळे. या परीक्षेत कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात.

खरी कसोटी त्यापुढे असते, हे अब्बांपासून लपवून उपयोग नाही. पहिली दोन-तीन वर्षे एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनियर म्हणून काढावी लागतात. तिथे मिळणारे पैसे कधी कधी रेल्वेच्या पासालाही पुरत नाहीत. शहरात ज्युनियरला महिना किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत, अशी सूचना बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये केली आहे. पण ती सूचनाच आहे, सक्ती नाही. गरीब घरातली हुशार मुले याच टप्प्यावर काळा कोट खुंटीला टांगून दुसरी नोकरी धरतात. आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांनाही आता थेट परीक्षा देता येत नाही. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे.

म्हणजे आठ वर्षांचा मामला आहे. एका टेम्पोवर चालणाऱ्या घराला तो झेपणारा नाही, हे अब्बा बरोबर म्हणतात. पण मुलगी म्हणते, ‘आपल्या लोकांसाठी.’ तर मग ते ‘आपले लोक’ या आठ वर्षांत कुठे असतील? मशिदीला रंग द्यायचा म्हटले की एका जुम्याला पैसे उभे राहतात. एका मोहल्ल्याने एका विद्यार्थिनीचा पास, पुस्तके आणि ज्युनियरपणाची तीन वर्षे उचलली तर ते अवघड आहे का? जकातीच्या पैशांतून गरजू विद्यार्थ्याला मदत करण्याविषयी आपल्या आलिमांना विचारा. समाजाला वकील हवा असेल तर समाजाने त्याची उमेदवारी पोसायला हवी.

आता त्या मुलीशी. ‘आपल्या लोकांसाठी’ या शब्दांवर तिच्याशीही थोडे बोलायचे आहे.

आपल्याकडे या वाटेने गेलेले थोर लोक आहेत. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्याआधीच सॉलिसिटर झाले होते. या भावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली, कारण नुसती स्वतःची वकिली चालून समाज शिकत नाही, हे त्यांना कळले होते. 1887 मध्ये बद्रुद्दीन काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. 1895 मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि दोनच वर्षांनी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आधीचे जामीन अर्ज फेटाळले गेले होते. टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती तय्यबजींनी. दोघांची राजकीय मते जुळत नव्हती. पण न्यायासनावर बसल्यावर समोरचा आपला की परका, हे त्यांनी पाहिले नाही.

आपल्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. मुहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, 1930 मध्ये नागपुरात वकिली सुरू केली, तिथेच मुख्य न्यायमूर्ती झाले आणि 1968 मध्ये देशाचे सरन्यायाधीश.

आणि अगदी जवळच्या काळातले नाव म्हणजे शाहिद आझमी. गोवंडीच्या वस्तीतला मुलगा. कोवळ्या वयात टाडाखाली पकडला गेला, तिहारमध्ये काही वर्षे राहिला, तिथेच शिक्षण घेतले. बाहेर आल्यावर कायद्याची पदवी घेऊन 2003 च्या सुमारास मुंबईत वकिली सुरू केली. ज्यांचा खटला घ्यायला कोणी तयार नसे अशा गरीब आरोपींचे खटले त्यांनी घेतले आणि सात वर्षांत अनेकांना निर्दोष सोडवले. 26/11 च्या खटल्यात ते फहीम अन्सारी यांचे वकील होते. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय अवघे 32. तीन महिन्यांच्या आतच विशेष न्यायालयाने फहीम अन्सारींना निर्दोष ठरवले आणि ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ज्या खटल्यात कसाबला फाशी झाली त्याच खटल्यात पुरावा नसलेला माणूस सुटला, कारण एका वकिलाने तो पुरावा बारकाईने तपासला होता.

पण आमच्या मते या मुलीने आणखी एक नाव लक्षात ठेवावे, हुसैनारा खातून. 1979 मध्ये या नावाने सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण गेले. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालता माणसे वर्षानुवर्षे पडून होती. काही जण तर गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ आत होते. वर्तमानपत्रात ही हकीकत वाचून ज्या वकिलाने अर्ज केला त्या होत्या कपिला हिंगोरानी. हुसैनारा त्यांची नात्याची नव्हती, धर्माची नव्हती, ओळखीचीही नव्हती. त्या एका अर्जामुळे हजारो कच्चे कैदी सुटले. त्यांत सगळ्या जातीधर्मांचे गरीब होते. आजही देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदीच आहेत.

तेव्हा ‘आपले लोक’ कोण? हिल्फुल फुजूलच्या शपथेत टोळीचे नाव नव्हते. उंबऱ्यात बसून ज्या मावशीचा वनहक्काचा कागद तू वाचलास तीही तुझीच. हे तू आधीच करते आहेस, फक्त मोठी झाल्यावर विसरू नकोस.

दुसरी गोष्ट. समाजाला वकील लागतो म्हटले की डोळ्यांसमोर मोठे खटले येतात. पण चिंचोटीच्या चाळीला रोज लागतो तो वसईच्या कोर्टात बसणारा वकील, आणि तोही भांडण होण्याच्या आधी. आपल्याच तालुक्यात, नालासोपारा पूर्वेला, 2025 च्या सुरुवातीपर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशाने 41 इमारती पाडल्या गेल्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आयुष्यभराची कमाई घालून तिथे राहायला आलेली कुटुंबे रस्त्यावर आली. घर घेताना कोणी त्यांना सातबारा पाहा, विकास आराखड्यातले आरक्षण पाहा, बांधकाम परवानगी आणि महारेराची नोंद पाहा, असे सांगितले असते तर? नुसत्या नोटरीच्या कागदाने घराची मालकी मिळत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारा माणूस वस्तीत असता तर कित्येक घरे वाचली असती.

अशीच दुसरी कामे. पोलिसांनी कोणाला अटक केली तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, हे नातेवाइकांना सांगणे. गोदामात हमाली करणाऱ्याला माथाडी कायद्याखाली नोंदणी मिळते का, ते पाहणे. टेम्पोच्या अपघाताचा दावा मुदतीत दाखल करणे. आणि सर्वांत सोपे म्हणजे मोफत वकील मिळतो, हे लोकांना सांगणे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो, तसेच मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी विधी सेवा समिती असते, आणि 15100 या क्रमांकावर फोन करून विचारता येते. वाचकांनी हा क्रमांक आजच घरात लिहून ठेवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. सूरह निसामध्ये अल्लाहने न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा केली आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या विरुद्ध का जाईना. समाजावर बाहेरून अन्याय होतो तेव्हा आपण सारे एक होतो. पण घरात बहिणीचा वाटा बुडतो तेव्हा तिच्या बाजूने कोण उभे राहतो? कुरआनने वारसा नेमून दिला आहे, तरी गावोगावी बहिणींची नावे सातबाऱ्यावरून ‘हक्कसोड’ करून कमी केली जातात. ‘तिने राजीखुशीने सोडले,’ असे म्हणतात. खरेच राजीखुशीने सोडले का, हे विचारणारा वकील समाजाचा असेल तर त्याला आपलेच लोक शिव्या घालतील. ती तयारी असेल तरच ‘आपल्या लोकांसाठी’ म्हणावे.

हे सारे आम्ही लिहून काढले आणि छापायला देण्याआधी पुन्हा एकदा चिंचोटीला गेलो. अब्बांनी फॉर्म भरला होता. ‘पहिलं वर्ष तर बघू, पुढचं अल्लाह मालिक,’ म्हणाले. अम्मी म्हणाली, ‘वसईचंच कॉलेज बघू आधी, रोज चर्चगेट नको.’ आम्ही दादीला हिल्फुल फुजूलची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली, काही बोलली नाही. मग उठली, पेटीतून एक जुना, घड्यांवर विरलेला कागद काढला आणि नातीसमोर ठेवला.

वडील वारल्यावर भाऊ तिला तालुक्याला घेऊन गेला होता, तेव्हाचा तो कागद. काळ्या कोटातल्या एका माणसाने बोट धरून अंगठा उमटवून घेतला होता. काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते. चाळीस वर्षे कागद पेटीत होता.

मुलीने तो सावकाश वाचला. गट नंबर, क्षेत्र, भावाचे नाव, आणि खाली, ‘मी माझा संपूर्ण हिस्सा स्वखुशीने व काहीही मोबदला न घेता सोडत आहे.’ घरात कोणी काही बोलेना. मुलगी हळूच म्हणाली, ‘दादी, आता इतक्या वर्षांनी काही होईल का, ते मला माहीत नाही. शिकले की सांगते.’

दादी म्हणाली, ‘आता काही नको गं पोरी. भाऊही गेला. काय लिहिलंय तेवढं ऐकायचं होतं.’ आणि तिने कागद परत मागितला नाही. तो मुलीच्या दप्तरातच राहिला.

अल्लाह या मुलीला, आणि तिच्यासारख्या प्रत्येक मुलामुलीला, सत्याच्या बाजूने बोलण्याची ताकद देवो. आमीन.